वाढती शहरे : बसचा रस्ता आणि मोकळी जागा

महाराष्ट्र हे देशातील अधिक नागरीकरण झालेल्या राज्यांपैकी एक आहे. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी राज्यातील दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे २८ व्यक्ती नागरी भागात राहत होत्या. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ४५ च्या वर गेले आणि राज्याची नागरी लोकसंख्या पाच कोटींहून अधिक भरली. ही वाढ केवळ मुंबई, पुणे वा नागपूर या महानगरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याची गावे नगरे झाली, नगरांच्या वेशीवरील खेडी वस्त्यांनी भरून गेली आणि जेथे काल ज्वारीचे शेत उभे होते तेथे आज प्लॉटच्या हद्दीचे दगड रोवलेले दिसतात.

अशा कोणत्याही वाढत्या गावात गेले की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. स्थानकापासून घरापर्यंत येण्यास परवडेल असे वाहन नाही, ही पहिली. मुलांना खेळावयास आणि वृद्धांना घटकाभर बसावयास जागा नाही, ही दुसरी. कचेरीत या दोन तक्रारींच्या फायली वेगळ्या टेबलांवर जातात. वाहतुकीचा विचार एक शाखा करते, उद्यानाचा दुसरी. वस्तुतः दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते म्हणजे गावाच्या जमिनीची वाटणी. रस्त्यासाठी किती जमीन ठेवली, त्या रस्त्यावर कोणाला किती वाटा दिला आणि बांधकामापासून किती जमीन मोकळी राखली, यावर या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अवलंबून असतात.

हिशेब जागेचा

हे म्हणणे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. एका बसमधून साठ प्रवासी जातात असे धरू. तेच प्रवासी मोटारींतून निघाले आणि एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर चाळीस मोटारी लागतात. बसची लांबी सुमारे बारा मीटर असते. चाळीस मोटारी एकीमागे एक नुसत्या उभ्या केल्या तरी रांग दोनशे मीटरच्या पुढे जाते. प्रवासी तेवढेच, परंतु त्यांनी व्यापलेला रस्ता मात्र सोळा-सतरा पटींनी वाढतो. केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने हेच सूत्र स्वीकारले आहे. रस्त्याचा विचार करताना वाहने किती गेली याऐवजी माणसे किती गेली हे पाहावे, असे ते धोरण सांगते.

हिशेब येथेच संपत नाही. मोटार चालून झाली की ती कोठे तरी उभी करावी लागते. अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा एका मोटारीला लागते. नागरी नियोजनासाठी केंद्र शासनाने २०१४ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दर माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे सुचविले आहे. याचा अर्थ असा की, एका माणसाच्या वाट्याला जेवढे मैदान वा उद्यान यावे असे आपण म्हणतो, तेवढी जागा एक उभी मोटार व्यापून बसते. वरील चाळीस मोटारी उभ्या करण्यास पाचशे चौरस मीटर लागतात. एवढ्या जागेत वस्तीतील लहान मुलांसाठी एक बाग सहज होऊ शकते.

या दोन विषयांचे आणखी एक नाते आहे. बसने जाणारा प्रत्येक माणूस प्रवासाच्या दोन्ही टोकांना पायी चालतो. विदर्भात वा मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी थांब्यापर्यंतचा रस्ता उघडा असेल, तर ज्याला शक्य आहे तो दुचाकी घेतो आणि ज्याला शक्य नाही तो घरीच थांबतो. थांब्यावरची सावली हा म्हणूनच वाहतूक व्यवस्थेचाच एक भाग समजला पाहिजे.

क्युरितिबाचे उदाहरण

बस आणि उद्यान यांचा विचार एकाच नकाशावर केल्याने काय साधते, याचे जगात नावाजलेले उदाहरण म्हणजे ब्राझील देशातील क्युरितिबा हे शहर. पाराना राज्याच्या या राजधानीची लोकसंख्या १९७० मध्ये सुमारे सहा लाख होती. २०२२ च्या तेथील जनगणनेत ती सतरा लाखांहून अधिक भरली. हे शहर फार श्रीमंत नव्हते. भुयारी रेल्वेचा खर्च त्याला पेलणारा नव्हता. शहर वेगाने वाढू लागले तेव्हा १९६५ मध्ये नियोजनासाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन करण्यात आली आणि पुढच्याच वर्षी शहराचा नवा आराखडा मंजूर झाला. झाईमी लेर्नेर हे वास्तुविशारद १९७१ मध्ये महापौर झाले आणि आराखड्याच्या अंमलबजावणीस वेग आला. ते तीन वेळा महापौर होते.

या आराखड्याचा गाभा असा होता. शहर सर्व बाजूंना पसरू न देता काही ठरावीक मुख्य मार्गांच्या कडेने वाढू द्यायचे. उंच इमारतींना आणि दाट वस्तीला परवानगी या मार्गांलगतच द्यायची आणि मार्गापासून दूर जावे तसतशी इमारतींची उंची कमी ठेवायची. मुख्य मार्गाच्या मध्यभागी बससाठी राखीव पट्टे ठेवण्यात आले. १९७४ मध्ये तेथे जलद बस धावू लागल्या. दाट वस्ती बसच्या मार्गाशेजारी असल्यामुळे बसला प्रवासी मिळाले आणि वस्तीला बस मिळाली. १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे उभारण्यात आले. प्रवासी तिकिटाचे पैसे थांब्यात शिरतानाच देतात आणि थांब्याचा चौथरा बसच्या तळाइतका उंच असल्यामुळे पायऱ्या न चढता आत जातात. गाडीत वाहकाकडे पैसे देण्यात आणि पायऱ्यांवर खोळंबण्यात जाणारा वेळ अशा रीतीने वाचला. १९९२ पासून तीन जोडभागांच्या लांब बस आल्या. अशा एका बसमध्ये सुमारे २७० प्रवासी मावतात.

उद्यानांची कथा याच आराखड्याशी निगडित आहे. क्युरितिबातील नद्यांना वारंवार पूर येत असे. नद्यांना सिमेंटच्या भिंतींत कोंडण्याऐवजी नदीकाठच्या सखल जमिनी राखून ठेवण्यात आल्या आणि तेथे तलाव व उद्याने करण्यात आली. १९७२ मध्ये खुले झालेले बारिगी उद्यान हे त्यांतील एक प्रमुख उद्यान होय. पावसाळ्यात नदीचे जादा पाणी तलावात मावते आणि एरवी लोक तेथे फिरावयास येतात. एकाच जमिनीने पूरनियंत्रण आणि विरंगुळा अशी दोन कामे केली. काही उद्यानांत गवत कापण्यासाठी यंत्रांऐवजी मेंढ्या सोडण्यात आल्या, ही हकीकत आपल्याकडील धनगर बांधवांना निश्चितच रुचेल.

त्याच वर्षी, १९७२ मध्ये, शहराच्या मध्यवर्ती बाजारपेठेचा एक रस्ता वाहनांना बंद करून पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला. व्यापाऱ्यांचा प्रारंभी विरोध होता. आठवड्याअखेरीस अवघ्या काही दिवसांत काम उरकण्यात आले आणि लोकांची वर्दळ वाढल्याचे पाहून विरोध मावळला. ज्या झोपडवस्त्यांत कचरागाडी शिरू शकत नव्हती तेथील रहिवाशांनी कचरा गोळा करून आणून द्यावा आणि त्या बदल्यात बसची तिकिटे वा भाजीपाला घ्यावा, अशीही योजना पुढे राबविण्यात आली.

या शहराचे सर्वच सुरळीत झाले असे मात्र नाही. आराखडा शहराच्या हद्दीपुरता होता. हद्दीबाहेरच्या नगरांत गरीब लोकांच्या वस्त्या वाढल्या आणि त्यांना लांबून यावे लागले. पुढे खाजगी मोटारींची संख्या फार वाढली, बसमध्ये गर्दी होऊ लागली आणि प्रवाशांचा ओढा कमी झाला. एकदा केलेली व्यवस्था सतत जोपासावी लागते आणि हद्दीबाहेरचा विचार आधीच करावा लागतो, हा या उदाहरणाचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा धडा आहे.

आपला अनुभव

वाहतुकीच्या मार्गालगत शहर वाढणे आपल्यालाही नवीन नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि पुढे मुंबईची उपनगरे लोहमार्गाच्या कडेने वसत गेली. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी पहिली मोटारबस धावली. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, बस आणि वीजपुरवठ्याची कंपनी महानगरपालिकेच्या ताब्यात आली आणि ‘बेस्ट’ हा नागरिकांचा स्वतःचा उपक्रम झाला. राज्याच्या ग्रामीण भागात १ जून १९४८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ते पुणे या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी सुटली. आजही अनेक लहान गावांत एस.टी. हेच सार्वजनिक वाहतुकीचे पहिले आणि एकमेव साधन आहे.

बससाठी राखीव मार्गिकांचा प्रयोग आपल्याकडे प्रथम पुण्यात झाला. २००६ च्या अखेरीस स्वारगेट परिसरातून कात्रज व हडपसरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तो सुरू झाला. २०१५ मध्ये पुण्यातील संगमवाडी ते विश्रांतवाडी आणि पिंपरी चिंचवडमधील काही रस्त्यांवर सुधारित मार्ग कार्यान्वित झाले. पहिल्या प्रयोगातून बरेच शिकावयास मिळाले. मार्गिका रस्त्याच्या मध्यभागी असली तर थांब्यापर्यंत पोचण्यासाठी पादचाऱ्यांना रस्ता सुरक्षितपणे ओलांडता आला पाहिजे. मार्गिकेत इतर वाहने शिरू नयेत यासाठी रोजची देखरेख हवी. बसची संख्या पुरेशी नसेल तर रिकामी मार्गिका लोकांच्या डोळ्यांत खुपते. नगर रस्त्यावरील अशा मार्गाचा काही भाग २०२३ मध्ये काढून टाकण्यात आला. मार्गिका आखणे सोपे आहे, ती टिकविण्यासाठी पदपथ, थांबा आणि वेळेवर येणारी बस या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात.

मुंबईतील कफ परेड ते आरे ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली. तिचा खर्च ३७ हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. महानगराची गरज तेवढी मोठी आहे. तथापि पन्नास हजार वा दोन लाख वस्तीच्या नगराने मेट्रोची वाट पाहत बसणे व्यवहार्य नाही. त्यांच्यासाठी वेळेवर धावणारी बस आणि चालण्याजोगा पदपथ हीच खरी मेट्रो होय.

हरित जागांच्या बाबतीत मुंबईनेच एक आश्वासक उदाहरण घालून दिले आहे. धारावीजवळ मिठी नदीच्या काठी पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. १९७७ नंतर तेथे कचरा टाकणे थांबले. १९८३ मध्ये ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते तेथे पहिले रोप लावण्यात आले आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर सुमारे ३७ एकरांचे वन उभे राहू शकते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे. त्यासाठी मात्र अनेक वर्षांचा धीर लागला. पुण्यातही १९९७ मध्ये महानगरपालिकेत आलेल्या गावांतील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण शासनाने २०१५ मध्ये मंजूर केले.

आरक्षण आणि काळाची मर्यादा

टेकडी असो, मैदान असो वा बसचा आगार असो, जमीन राखण्याचे साधन म्हणजे विकास योजना. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये ही योजना तयार होते आणि सार्वजनिक प्रयोजनांसाठी तीत आरक्षणे ठेवली जातात. वाचकांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. अंतिम योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही वा तीसंबंधी करार झाला नाही, तर या अधिनियमाच्या कलम १२७ खाली जमीनमालक सूचना देऊ शकतो आणि विहित मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. जमीनमालकावर अन्याय होऊ नये म्हणून ही तरतूद योग्यच आहे. परंतु नगरपरिषद बेसावध राहिली तर नकाशावरचे हिरवे मैदान एके दिवशी कायदेशीररीत्या नाहीसे होते. आरक्षणांची यादी, त्यांच्या तारखा आणि उरलेली मुदत हा तक्ता प्रत्येक नगरपरिषदेच्या सभागृहात टांगलेला असावा, असे म्हणावेसे वाटते.

दुसरी तरतूद मांडणीतील मोकळ्या जागेची. २०२० मध्ये लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीची मांडणी करताना दहा टक्के जागा विरंगुळ्यासाठी मोकळी सोडावी लागते. ही जागा कागदावर बहुधा असतेच. प्रस्तुत लेखकास काही दिवसांपूर्वी एका तालुक्याच्या गावातील नवी वसाहत पाहण्याचा योग आला. मंजूर नकाशात बाग दाखविलेल्या जागी विटांचे तुकडे आणि राडारोडा पडलेला होता. शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक सांगत होते की, मुले रस्त्यावर खेळतात आणि बस वसाहतीत येत नाही, कारण वळण्यापुरता रस्ता रुंद नाही. मुली दोन किलोमीटर चालून हमरस्त्यावर येतात. पावसाळ्यात त्यांतील काहींची शाळा बुडते. दहा टक्क्यांची बाग आणि बसचे एक वळण, एवढ्या दोन गोष्टी मांडणी मंजूर होताना पाहिल्या गेल्या असत्या तर त्या मुलींची शाळा चुकली नसती.

ग्रामपंचायतींसाठीही हा विषय परका नाही. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेण्यात आली. आज जी ग्रामपंचायत आहे ती उद्या शहराचा भाग होऊ शकते. त्या वेळी तेथील गायरान, तळे, देवराई आणि ओढ्याचा काठ शिल्लक असेल तरच शहराला मोकळी जागा मिळेल. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करून त्या गावाच्या उपयोगासाठी राखाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे. क्युरितिबाला हद्दीबाहेरचा विचार न केल्याचा जो त्रास झाला, तो आपल्या ग्रामपंचायती टाळू शकतात.

लहान नगरांनी काय करावे

पहिले काम नकाशाचे. बस ज्या रस्त्यांवरून जाणार ते रस्ते आधी ठरवावेत, वळणे आणि थांब्यांच्या जागा राखाव्यात आणि शाळा, दवाखाना, बाजार यांना याच रस्त्यांवर स्थान द्यावे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांत उद्याने व क्रीडांगणे, नागरी वनीकरण आणि बसथांबे यांचा समावेश आहे. २०२३ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेतून देशात दहा हजार विद्युत बस आणण्याचे ठरले. अशा योजनेतून बस मिळाली तरी आगारासाठी आणि विद्युतभारणासाठी जमीन लागतेच.

दुसरे काम पदपथाचे. थांब्यापासून चारही दिशांना पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर सलग, सपाट आणि दिवे असलेला पदपथ असला तर बसचा उपयोग दुणावतो. त्याचा खर्च उड्डाणपुलाच्या मानाने अगदीच अल्प असतो.

तिसरे काम वृक्षांचे. लवकर वाढतो म्हणून गिरिपुष्प वा सुबाभूळ लावण्यापेक्षा कडुनिंब, करंज, जांभूळ, ताम्हण, आणि जागा ऐसपैस असेल तेथे वड व पिंपळ लावावेत. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवावी. फरशी वा सिमेंट खोडापर्यंत आणले की मुळांना पाणी व हवा मिळत नाही आणि वादळात झाड उन्मळते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये वृक्षगणना आणि तोडीस परवानगी यांची व्यवस्था आहे. ५० वर्षांहून जुन्या वृक्षांना २०२१ च्या सुधारणेने विशेष संरक्षण मिळाले आहे. लावलेल्या रोपांची संख्या जाहीर करण्यापेक्षा तीन वर्षांनी जगलेल्या झाडांची संख्या जाहीर करण्याचा पायंडा पडला, तर फार मोठे काम होईल.

चौथे काम लोकांचे. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात नागरी संस्थांबरोबर ग्रामपंचायतीही भाग घेतात. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून आपल्या प्रभागाचा साधा नकाशा करवून घ्यावा. थांबा कोठे, सावली कोठे, मोकळा भूखंड कोठे आणि तो कोणत्या स्थितीत, एवढ्याच नोंदी त्यात असाव्यात. असा नकाशा ग्रामसभेत वा प्रभागसभेत मांडला गेला तर चर्चेला निश्चित आधार मिळतो.

रस्ता पुन्हा डांबरी करता येतो, बस नवी घेता येते, रोपही पुन्हा लावता येते. बांधकामाखाली गेलेली जमीन मात्र सहसा परत मिळत नाही, मिळाली तरी तिची किंमत अनेक पटींनी मोजावी लागते. आपली बहुसंख्य नगरे आज अशा टप्प्यावर आहेत की, त्यांच्या वेशीवर अजून शेते, ओढे आणि माळ शिल्लक आहेत. बसच्या वळणासाठी आणि मुलांच्या मैदानासाठी त्यांतील जागा राखण्याचा ठराव करण्यास योग्य वेळ हीच आहे, आणि तो ठराव करणे तेथील नगरसेवकांच्या, सरपंचांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाती आहे.